मजल : बैलापासून बॅटरीपर्यंत

मंडळी, विषय विजेवरच्या टेम्पोचा आहे, पण सुरुवात बैलापासून करावी लागणार आहे. पोस्ट मोठी आहे. ज्यांच्या घरात मालवाहू गाडी आहे किंवा ज्यांचं घ्यायचं चाललंय, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा. बाकीच्यांनी चहा घेऊन बसा.

सध्या महाड, बिरवाडी, पोलादपूर, कुठेही चार गाडीवाले जमले की इलेक्ट्रिकचा विषय निघतोच. डिझेल परवडत नाही, हप्ता डोक्यावर, भाडं तेवढंच. मग प्रश्न येतो, "एका चार्जला किती जाते?" त्यावर कंपनीच्या कागदावरचा आकडा सांगितला जातो. आपला माणूस हुशार. तो लगेच पुढचं विचारतो, "भरलेली गाडी घाट चढून किती जाते ते सांग." इथे सगळे गप्प. कारण ते कागदावर नसतं.

मला या प्रश्नात रस वाटतो तो वेगळ्या कारणाने. हा प्रश्न आपल्या दोन तालुक्यांत निदान तीन-चारशे वर्षं विचारला जातोय. गाडी बदलली, प्रश्न तोच. रेंज हा शब्द आपण आत्ता शिकलो, पण त्यासाठी मराठीत जुना शब्द आहे : मजल. मजल दरमजल करत जाणे, एवढी मजल मारणे, हे आपण सहज बोलतो. एका दिवसात, एका दमात जेवढं अंतर कापून होतं ती मजल. आणि ती कधीच ठरलेली नसायची. ओझं किती, चढ किती, वाटेत चारा-पाणी कुठे, यावर ती ठरायची. आजची रेंजही नेमकी याच तीन गोष्टींवर ठरते. चारा-पाण्याच्या जागी चार्जिंग लिहा, झालं.

महाड हे एकेकाळचं बंदर, हे नव्या पिढीला सांगावं लागतं. बाणकोटच्या खाडीतून भरतीच्या पाण्यावर गलबतं, मचवे सावित्रीतून थेट महाडपर्यंत यायचे. मीठ, सुकी मासळी, नारळ इथून वर देशावर जायचं. वरून धान्य, गूळ, मिरची खाली यायची. बंदर आणि देश यांच्यामध्ये उभा सह्याद्री. त्यातून वरंध, पार, ढवळे, मढे, शेवत्या अशा वाटा. यातल्या बऱ्याच वाटांवर गाडी चालणं शक्यच नव्हतं. माल जायचा तो बैलाच्या पाठीवर. वंजारी-लमाणांचे तांडे हीच त्या काळची ट्रान्सपोर्ट कंपनी. एका बैलाच्या पाठीवर साधारण क्विंटलभर माल. तोच बैल सपाटीवर गाडीला जुंपला तर कितीतरी पट जास्त ओढतो, कारण ओझं चाकावर येतं, पाठीवर नाही. पण घाटात चाक चालत नाही, म्हणून पाठ.

पारघाटाच्या वरच्या अंगाला रडतोंडीचा घाट आहे. १६५९ साली अफझलखानाची फौज याच वाटेने जावळीत उतरली आणि उतरताना रडकुंडीला आली, म्हणून हे नाव पडलं, असं आपल्याकडे सांगतात. नावाची गोष्ट बाजूला ठेवली तरी नाव खरं बोलतं. ओझं घेऊन सह्याद्री चढणं-उतरणं हे रडवणारं काम होतं. आणि तांड्याला एक सोय होती, जी आजच्या टेम्पोला नाही. बैल आपलं इंधन बरोबर घेत नव्हता. वाटेत चरत जायचा. त्यामुळे तळ कुठे टाकायचा हे गवत आणि पाणी बघून ठरायचं. जिथे कुरण आणि झरा, तिथे मुक्काम.

पुढे इंग्रज आले. १८२८ च्या सुमारास गव्हर्नर माल्कमने महाबळेश्वरला थंड हवेचं ठाणं वसवलं आणि साहेबलोकांना समुद्राकडून वर नेणारी वाट हवी झाली. आधी पारघाटाची वाट वापरात होती. नंतर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आजचा आंबेनळीचा गाडीरस्ता झाला. मुंबईचा गव्हर्नर सर सेमूर फिट्झजेराल्ड याच्या नावाने तो फिट्झजेराल्ड घाट म्हणून नोंदला गेला.

या रस्त्याने काय बदललं ते नीट बघा. डोंगराची उंची एक इंचही कमी झाली नाही. पायवाट नाकासमोर चढायची. गाडीरस्त्याने वळणं घेतली, अंतर वाढवलं आणि चढ मऊ केला. त्यामुळे चाक चाललं. पण गाडीबैलाला तेवढीच उंची चढायची होती. म्हणून घाटाच्या पायथ्याला जादा जोडी जुंपायची पद्धत होती. भरलेली गाडी वर पोचवायची आणि जोडी सोडून खाली आणायची. ही जादा जोडी लक्षात ठेवा, ती पुढे परत येणार आहे.

आता जरा उत्तरेला जाऊ, आपल्याच जिल्ह्यात कर्जतला. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. चढ ३७ ला १, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर. रेल्वेच्या हिशेबात हा भयंकर चढ. सपाटीवर जी गाडी एक इंजिन आरामात ओढतं, तिला इथे मागून ढकलायला जादा इंजिनं लागतात. कर्जतला गाडी थांबते, मागे इंजिनं लागतात, लोणावळ्याला सुटतात. पुण्याला जाताना कर्जतचा वडा खाताना आपण जो वेळ काढतो, तो त्या जोडणीचा वेळ. रेल्वेवाले त्याला बँकर म्हणतात. गाडीवान जादा जोडी म्हणायचा. गोष्ट एकच.

वाफेच्या इंजिनाची अडचण अशी की त्याला स्वतःचा कोळसा आणि पाणीही वर ओढून न्यावं लागायचं. म्हणजे माल न्यायला इंधन, आणि इंधन न्यायला आणखी इंधन. यावर उतारा सापडला तो विजेचा. ३ फेब्रुवारी १९२५ ला मुंबई व्ही.टी. ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची गाडी धावली आणि १९३० पर्यंत पुण्यापर्यंत तारा गेल्या. घाटासाठी खास मालगाडीची विजेची इंजिनं आणली गेली. लांबुळके, दोन्ही बाजूंना नाक, मध्ये डुलणारं धड. रेल्वेच्या माणसांनी त्यांचं नाव ठेवलं खेकडा. यातलं एक आज दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे. या खेकड्यांची खरी ताकद कशात होती? ते इंधन पाठीवर घेत नव्हते. वीज डोक्यावरच्या तारेतून यायची. तांड्याच्या बैलासारखं, वाटेत चरत जायचं. तार आहे तोवर मजल संपत नाही.

आणि वीज कुठून यायची, हेही आपल्याच जिल्ह्याशी जोडलेलं आहे. टाटांचं खोपोलीचं वीजघर १९१५ चं, भिऱ्याचं १९२७ चं. भिऱ्याला मुळशी धरणाचं पाणी सुमारे पाचशे मीटर खाली पडतं आणि त्यावर वीज होते. त्या धरणासाठी मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आणि सेनापती बापटांचा मुळशी सत्याग्रह झाला, तो इतिहास वेगळा आणि कडू आहे. आपल्या विषयापुरतं एवढंच : सह्याद्रीची उंची ही नुसती अडचण नाही, ती साठवलेली ताकद आहे. वरून खाली येणारं वजन वीज देतं, खालून वर जाणारं वजन वीज खातं. हिशेब दोन्हीकडून एकच.

तो हिशेब आता मांडतो. लाईट बिलावर असतं ते एक युनिट घ्या. शाळेतल्या विज्ञानाप्रमाणे एका युनिटमध्ये एक टन वजन सुमारे ३६७ मीटर उचललं जातं, तेही कुठेही काही वाया गेलं नाही तर. पोलादपूर जवळजवळ समुद्रसपाटीला, महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटरवर. म्हणजे चढ धरा १,३०० मीटर. प्रत्येक टनाला साडेतीन युनिट नुसती उचलायला.

उदाहरणाला टाटा एस घेऊ. २००५ साली हा छोटा टेम्पो आला आणि आपण त्याला छोटा हत्ती म्हणायला लागलो. मोठ्या ट्रकला न परवडणारं गल्लीबोळातलं भाडं त्याने उचललं, आपल्या किती पोरांना धंद्याला लावलं. त्याचं विजेवरचं रूप २०२२ साली आलं. बॅटरी २१.३ युनिटची, प्रमाणित रेंज १५४ किलोमीटर, माल ६०० किलो, मालासकट गाडीचं एकूण वजन १,८४० किलो. हे आकडे कंपनीनेच जाहीर केलेले. हिशेब मात्र माझा, कागद-पेन्सिलचा.

१,८४० किलो, १,३०० मीटर : साडेसहा युनिट. मोटर, गिअर, बॅटरीतली घट धरली की पावणेआठच्या आसपास. याशिवाय टायर घासतात, हवा अडवते, दिवे-पंखे चालतात. पोलादपूर ते महाबळेश्वर चाळीसेक किलोमीटरला त्याची तीन-चार युनिट. एकूण अकरा-बारा. म्हणजे चाळीस किलोमीटरमध्ये निम्म्याहून जास्त बॅटरी गेली. कागदावरच्या आकड्याने त्याच चाळीस किलोमीटरला साडेपाच युनिट लागायला हवी होती. घाटाने दुप्पट घेतली. आणि आपल्या सवयीप्रमाणे सहाशेच्या जागी हजार किलो टाकले तर आणखी दीड-दोन युनिट, शिवाय ब्रेक आणि पाटे यांचा जीव जातो तो वेगळा.

आता हे बघा. अमेरिकेत मोठे इलेक्ट्रिक पिकअप ट्रक निघालेत. फोर्ड एफ-१५० लायटनिंग नावाच्या ट्रकची मोठी बॅटरी १३१ युनिटची, म्हणजे आपले सहा छोटे टेम्पो एकात. रिकामा ट्रक एका चार्जला पाचशे किलोमीटरच्या वर जातो असं कागद सांगतो. पण तिकडे लोक मागे मोठाले ट्रेलर जोडतात, घोड्यांचे, बोटींचे, चाकांवरच्या घरांचे. ट्रेलर लावून ज्यांनी ज्यांनी चाचण्या घेतल्या त्यांना रेंज साधारण निम्म्यावर आलेली दिसली. ट्रेलर उंच आणि चौकोनी असेल तर त्याहूनही खाली.

तिकडे मारते ती मुख्यतः हवा. सपाट हायवेवर शंभरच्या पुढच्या वेगात मागची भिंतीसारखी पेटी वारा अडवते. वेग दुप्पट केला की हवेचा अडथळा चौपट होतो. तिथे वजनापेक्षा आकार महाग पडतो. आपल्याकडे घाटात वेग वीस-पंचवीस, हवेचा प्रश्नच नाही. आपल्याला मारते ती उंची, आणि उंची वजन मोजते. म्हणजे टेक्सासमध्ये जे ट्रेलर करतो, ते आपल्याकडे आंबेनळी करते. रेंज दोन्हीकडे निम्मी. म्हणून तिकडचे व्हिडिओ बघून इथे गाडी ठरवू नका, आणि पुण्या-मुंबईच्या सपाट रस्त्यावरचा अनुभव ऐकूनही ठरवू नका.

कुणी म्हणेल, डिझेलच्या गाडीलाही घाटात ॲव्हरेज पडतंच की. पडतं. निसर्गाचा नियम डिझेल बघून बदलत नाही. पण एक लिटर डिझेलमध्ये साधारण दहा युनिटची ताकद असते. इंजिन त्यातली तिसरा हिस्साही धड वापरत नाही, तरी तीस लिटरच्या टाकीत ऐंशी-नव्वद युनिट हाताशी राहतात. शिवाय पाच मिनिटांत टाकी भरते. त्यामुळे डिझेलवाल्याला घाट खिशाला जाणवतो, पण वाटेत अडकवत नाही. विजेचं उलट आहे. वर जायला लागणारी ती बारा युनिट दहा रुपयांनी धरली तरी सव्वाशेच्या आत. पैशाने घाट स्वस्त झाला, मजलेने महाग झाला.

आता चांगली बाजू, कारण ती लपवणं बरोबर नाही. घाट उतरताना विजेची गाडी मोटर जनरेटरसारखी वापरून वीज परत बॅटरीत टाकते. रिकामी उतरली तरी बॅटरी जवळपास तेवढीच राहते, भरलेली उतरली तर एक-दोन युनिट परत मिळू शकतात. डिझेलच्या गाडीत हीच ताकद ब्रेकच्या लायनिंगमध्ये जळून जाते. म्हणजे महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी खाली आणणाऱ्याला वीज फायद्याची, इथून सिमेंट वर नेणाऱ्याला जड. मात्र एक लक्षात ठेवा : वर पूर्ण शंभर टक्के चार्ज करून उतरायला लागलात तर ती परतीची वीज ठेवायला बॅटरीत जागाच नसते, आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. वर ऐंशीपर्यंतच भरा.

सगळी बेरीज केली तर भरून वर आणि रिकामं खाली, ऐंशी किलोमीटरची एक फेरी दहा-अकरा युनिटमध्ये बसते. एक फेरी आरामात होते. दुसरी फेरी त्याच चार्जवर करायला जाल तर कुंभरोशीच्या पुढे कुठेतरी घाम फुटेल. आणि खरा प्रश्न इथेच आहे. ज्याच्या डोक्यावर बँकेचा हप्ता आहे त्याला सीझनमध्ये दिवसाला दोन फेऱ्या लागतात. दुसऱ्या फेरीसाठी मध्ये चारा-पाणी पाहिजे. म्हणजे पायथ्याला किंवा माथ्यावर, माल उतरवेपर्यंत गाडी लावता येईल असं चार्जिंग.

आपल्या भागात यावर दोन मोठी उत्तरं आधीच उभी आहेत आणि दोन्ही इतिहासातलीच आहेत. पहिलं, चढच कमी करणं. कशेडीचा जुना घाट पोलादपुरातून खेडात उतरायला पाऊण तास खायचा. २०२३ च्या गणपतीआधी कशेडीच्या बोगद्यातून हलकी वाहनं सोडायला सुरुवात झाली आणि सुमारे दोन किलोमीटरच्या बोगद्याने घाटमाथा टळला. लोकांनी वाचलेला वेळ मोजला. विजेच्या गाडीवाल्याने वाचलेली उंची मोजावी. न चढलेला प्रत्येक मीटर बॅटरीत शिल्लक राहतो.

दुसरं उत्तर, ओझंच तारेखाली नेणं. कोकण रेल्वेने २६ जानेवारी १९९९ ला आपल्या कोलाडहून गोव्याच्या वेर्ण्यापर्यंत रो-रो सुरू केली. भरलेले ट्रक रेल्वेच्या वाघिणीवर चढवायचे, ड्रायव्हर गाडीत बसून राहणार, ट्रकचं इंजिन बंद. २०२२ साली रोहा ते ठोकूर हा ७४१ किलोमीटरचा सगळा मार्ग विजेवर आला. या मार्गावरचा चढ दीडशेला एक एवढा सौम्य ठेवलाय, बोरघाटाच्या चौथा हिस्सा. आपले बाप-चुलते ज्या रेल्वेच्या बोगद्यांवर खपले, ती आज डिझेलचे ट्रक विजेवर ओढून नेते. विजेने ट्रक नेण्याचं काम आपल्या जिल्ह्यात असं रोज चाललेलं असतं, फक्त बॅटरीशिवाय.

पण पोलादपूरहून महाबळेश्वरला ना बोगदा आहे ना रेल्वे. तिथे आपला छोटा हत्तीच जाणार. म्हणून मागणी काय करायची ते स्पष्ट बोलू.

एक, कंपन्यांनी सपाटीच्या आकड्याबरोबर घाटाचा आकडाही छापावा : पूर्ण भरलेली गाडी, हजार मीटर चढ, किती टक्के बॅटरी. हे मोजायला अवघड नाही, सह्याद्री मोटार कंपन्यांच्या दारात आहे. दोन, २०२५ च्या राज्याच्या ईव्ही धोरणात राष्ट्रीय महामार्गांवर दर पंचवीस किलोमीटरला चार्जिंगची गोष्ट आहे. किलोमीटर हे माप सपाटीचं. घाटाला माप चढाचं पाहिजे. आंबेनळीच्या आणि वरंधच्या पायथ्याला आणि माथ्याला चार्जिंग आधी द्या, मग मधलं बघू. जादा जोडी पायथ्याला उभी राहायची, मधल्या माळावर नव्हे.

तीन, आणि हे आपल्यासाठी. जुलै २०२१ आठवा. महाड पाण्यात, तळिये डोंगराखाली, आंबेनळी जागोजागी तुटलेली, आणि दिवसेंदिवस वीज नाही, फोन नाही. तेव्हा पाणी, चटया, औषधं घेऊन आलेल्या गाड्या डिझेलच्या होत्या म्हणून परत जाऊ शकल्या. सगळा तालुका विजेच्या गाड्यांवर गेला आणि पुन्हा तशी रात्र आली तर काय, याचं उत्तर सबस्टेशन पुराच्या रेषेच्या वर आहे का, यात आहे. चार्जिंगची जागा ठरवताना ग्रामपंचायतीने आणि नगरपालिकेने हे विचारलंच पाहिजे.

गाडी घेऊ नका असं मी म्हणत नाही. महाड एमआयडीसी ते शहर, बिरवाडी, दासगाव, असा दिवसाला साठ-सत्तर किलोमीटरचा सपाटीचा धंदा असेल तर वीज बिनधास्त घ्या, हिशेब बसतो. घाटाचा धंदा असेल तर आधी कंपनीची गाडी मागून घ्या, आपला नेहमीचा माल भरा, आंबेनळी चढा, आणि वर पोचल्यावर टक्के बघून मग सही करा. तांड्याचा नाईकही बैल विकत घेण्याआधी त्याच्या पाठीवर गोणी टाकून बघत असणार.

ज्यांनी विजेची मालगाडी घाटात चालवली आहे त्यांनी खाली लिहा : माल किती होता, निघताना किती टक्के, पोचल्यावर किती. दहा-वीस जणांचे आकडे जमले तर आपल्या तालुक्याचा स्वतःचा तक्ता तयार होईल. तो मी तहसील कार्यालयात आणि कंपन्यांकडे नेऊन देतो.